भांडण विंडोज-लिनक्सचं, धडा आपला

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि तरुण' असा विषय दिला होता. या विषयावर बोलायला उभं राहिलं की माणूस हमखास उपदेशाला लागतो. मोबाईल कमी बघा, कोडिंग शिका, चांगली नोकरी धरा. हे सगळं तुम्ही घरी रोज ऐकता. म्हणून मी विषय थोडा बदलून घेतलाय. आमच्या क्षेत्रात एक भांडण चाळीसेक वर्षं चालू आहे. कॉम्प्युटरवर विंडोज चांगली, मॅक चांगला की लिनक्स चांगलं? कॉलेजच्या दिवसांपासून मी या भांडणात एका बाजूने तावातावाने लढलो. त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा त्रास दुसऱ्यांना झाला. खरं तर ती चूक सांगायलाच मी आलोय. पण तिथवर पोचायला थोडा इतिहास लागेल, तेवढा धीर धरा.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर असतो, मेमरी असते, डिस्क असते, कीबोर्ड, पडदा, प्रिंटर असतो. कुठल्या प्रोग्रॅमला यातलं काय, कधी आणि किती वापरायला मिळेल हे ठरवणारा जो मूळ प्रोग्रॅम, ती ऑपरेटिंग सिस्टिम. लग्नाच्या दावतीत स्वयंपाकघर सांभाळणारा माणूस असतो ना, तसं. पाहुण्यांना तो दिसत नाही, पण कुठल्या पंगतीला कधी वाढायचं ते त्याच्या हातात असतं.

आता गोष्ट. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला. त्याला लागणारी ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टने पुरवली. ती मायक्रोसॉफ्टने मुळापासून लिहिलेली नव्हती, सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतलेली होती. मायक्रोसॉफ्टचा शहाणपणा करारात होता. तीच सिस्टिम इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. पुढे आयबीएमसारखे पीसी बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या निघाल्या आणि प्रत्येक पीसीबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस विकली गेली.

जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. डॉसमध्ये काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप कराव्या लागायच्या. मॅकमध्ये खिडक्या होत्या, चित्रं होती, माऊस होता. लोक खूष झाले. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज आणली आणि तिच्यातही खिडक्या आणि माऊस. १९८८ मध्ये ॲपलने दावा ठोकला की आमचं रूप चोरलं. खटला अनेक वर्षं चालला आणि ॲपल हरली. यातली गंमत अशी, की खिडक्या आणि माऊस वापरणारा ऑल्टो नावाचा कॉम्प्युटर झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्येच तयार झाला होता. ॲपलचे लोक १९७९ मध्ये तिथे जाऊन ते काम बघून आले होते. आणि माऊसचं प्रात्यक्षिक तर डग्लस एंगलबार्टने त्याही आधी, १९६८ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे ज्या वस्तूवर दोघं आपली म्हणून भांडत होते, ती मुळात तिसऱ्याच्या अंगणात वाढली होती.

तुम्ही हसताय, पण असं भांडण आपल्या ओळखीचं आहे. हा पदार्थ आमचा, ही इमारत आमची, हा शब्द आमचा. मराठीतले 'हक्क', 'अर्ज', 'जमीन', 'किताब' कुठून आले आणि कोकणातल्या आपल्या नानी-दादी कुठली बोली बोलतात, याचा शोध घ्यायला लागलं की शुद्धतेचा दावा फार वेळ टिकत नाही.

तिसरा पक्ष वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करायचा. प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने स्वतः बदल करून, कागद अडकला की सगळ्यांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, त्याला मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार केला आहे म्हणून नकार दिला. यंत्र आपल्या समोर, बिघाड आपल्याला कळतोय, दुरुस्त करायची अक्कल आहे, पण परवानगी नाही. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आणि ती सगळ्यांना मोकळी ठेवायची. त्याच्या मते सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं हवीत. कुठल्याही कामासाठी वापरण्याचं, आतून वाचून बदलण्याचं, दुसऱ्याला प्रत देण्याचं आणि आपण केलेली सुधारणा वाटण्याचं.

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने हौस म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला आणि इंटरनेटवर जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली मोकळा केला. ग्नूची अवजारं आणि हा गाभा मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते तयार झालं.

इथे एक प्रसंग सांगतो, तो माझा आवडता आहे. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची छोटी सिस्टिम लिहिली होती. टॉरवाल्ड्स त्यांच्याच पुस्तकातून शिकलेला. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं की लिनक्सची रचना कालबाह्य आहे. त्यांचं म्हणणं, गाभा लहान असावा आणि बाकीची कामं वेगवेगळ्या तुकड्यांत वाटावीत. टॉरवाल्ड्सने सगळी मुख्य कामं एकाच मोठ्या गाभ्यात ठेवली होती. पोराने गुरुजींना चांगलंच फटकळ उत्तर दिलं. मग आपला सूर चुकला म्हणून त्याने माफी मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही. गुरुजींनीही आपलं मत सोडलं नाही, पण पोराला वाळीत टाकलं नाही. इतर लोक चर्चेत उतरले, ज्याला जे पटलं ते त्याने बांधलं. आपल्याकडे 'अदब-ए-इख्तिलाफ' असा सुंदर शब्द आहे, मतभेदाची रीत. तो आपण भाषणांत फार वापरतो. पण मोहल्ल्यातल्या बैठकीत वीस-एकवीस वर्षांची मुलगी उठून म्हणाली की मला हे पटत नाही, तर आपण आधी तिचा मुद्दा ऐकतो की तिचा बाप कोण ते विचारतो?

ही भांडणं धर्मयुद्धासारखी असतात, असं प्रोग्रॅमर स्वतःच म्हणतात. उम्बेर्तो इको या इटालियन लेखकाने १९९४ मध्ये एक गमतीदार लेख लिहिला. त्यात त्याने मॅकवाल्यांची तुलना कॅथॉलिकांशी आणि डॉसवाल्यांची प्रोटेस्टंटांशी केली. एका पंथात सगळ्यांना सरळ, आखून दिलेली वाट. दुसऱ्यात प्रत्येकाने आपापल्या अकलेने अर्थ लावायचा, आणि सगळ्यांनाच मुक्ती मिळेल याची खात्री नाही. लेख विनोदी होता, पण निरीक्षण खोटं नव्हतं. मी कॉलेजात असताना आमच्या हॉस्टेलमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचा एक गट होता, मी त्यात. विंडोजवाल्यांना आम्ही अडाणी समजायचो. मॅकवाला एकच होता, त्याच्या बापाच्या पैशावर बोलायचो. एवढंच नाही, आमच्यातही कुठलं लिनक्स खरं यावरून तट होते. उबुंटूवाला म्हणजे कच्चा, डेबियनवाला पक्का. तुम्हाला मसलकांची भांडणं आठवली असतील तर तो दोष माझा नाही.

आता या भांडणाचं पुढे काय झालं ते बघा. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲपल अडचणीत होती. स्टीव्ह जॉब्सने बॉस्टनच्या एका मेळाव्यात जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे. मागच्या मोठ्या पडद्यावर बिल गेट्स दिसला आणि ॲपलच्या भक्तांनी हुर्यो उडवली. जॉब्सला त्यांना समजावावं लागलं की ॲपल जिंकायला मायक्रोसॉफ्ट हरायलाच पाहिजे असं नाही. मालकांनी हात मिळवले होते, अनुयायी मात्र अजून लढाईवर होते.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर लिनक्सला कॅन्सर म्हणाले. तेरा वर्षांनी त्याच कंपनीचे नवे प्रमुख, आपल्या हैदराबादचे सत्या नडेला, मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम आहे असं सांगत होते. आज विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्ट स्वतः देते. कारण सरळ आहे. भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे क्लाउडच्या, धंद्यात गिऱ्हाईकाला लिनक्स हवं असतं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. मॅकच्या पोटातही बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मलेल्या युनिक्सचा वंश आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्यांच्या खिशात लिनक्सचाच गाभा आहे. हॉस्टेलमध्ये आम्ही ज्यावरून रात्री जागवल्या, ती तटबंदी कंपन्यांनी सोयीने कधीच पाडून टाकली होती.

मग हे सगळं भांडण फुकट होतं का? नाही. त्यात काही प्रश्न खरे होते. ओळखीच्या गोंगाटात ते ऐकू येत नव्हते, इतकंच.

पहिला प्रश्न सत्तेचा. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. आरोप असा की विंडोजच्या मक्तेदारीच्या जोरावर कंपनी नेटस्केपसारख्या प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवते. न्यायालयाने २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये तो आदेश रद्द केला, पण मक्तेदारी टिकवायला कंपनीने कायदा मोडला हा निष्कर्ष कायम ठेवला. माल चांगला असेल, लोक तो आनंदाने घेत असतील, तरी दुसरा पर्याय उभाच राहू द्यायचा नाही हा अन्याय आहे. हे तत्त्व कंपनीला लागू होतं तसं जमातीच्या पुढाऱ्यालाही लागू होतं.

दुसरा प्रश्न वाचण्याच्या हक्काचा. ज्या नियमांवर माझं यंत्र चालतं ते नियम मला वाचता येतात की कुणीतरी मला फक्त त्यांचा अर्थ सांगतो? स्टॉलमनचं भांडण याच्यासाठी होतं. सगळ्यांनी कोड वाचावा असं कुणी म्हणत नाही. लिनक्सचा गाभा काही कोटी ओळींचा आहे, मीही त्यातला कणभर वाचलाय. पण वाचायची मुभा आहे म्हणून कुणीतरी वाचतो, चूक शोधतो, दुरुस्त करतो आणि त्याचा फायदा मला मिळतो. आपल्या घरांत निकाहनाम्यावर सही करणाऱ्या किती मुलींनी तो आधी वाचलेला असतो? त्यात अटी घालता येतात हे किती जणींना माहीत असतं? मला वाटतं माझा मुद्दा तुमच्या लक्षात आला.

तिसरा प्रश्न आमच्या घरातला. आमचा पहिला कॉम्प्युटर जुना, जोडून घेतलेला. दुकानदाराने विंडोजची चोरटी प्रत टाकून दिली होती, सगळेच तसं करायचे. अब्बांनी विचारलं, "याचे पैसे दिले का?" मी म्हणालो, "अब्बा, याचे कुणीच देत नाही." ते म्हणाले, "मी ते विचारलं नाही." अब्बा हमाली करून शिकलेले, त्यांना लायसन्स कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं म्हणजे काय, ते ठाऊक होतं. खरी विंडोज घ्यायची आमची ऐपत नव्हती. लिनक्सकडे मी वळलो तो आधी या लाजेने. तत्त्वज्ञान नंतर आलं.

चौथा प्रश्न भाषेचा, आणि या दोन भाषांच्या मासिकाच्या वाचकांना तो जवळचा वाटेल. बरीच वर्षं मराठी टायपिंग म्हणजे प्रत्येक फॉन्टचा वेगळा कारभार. एका फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हांची खिचडी. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण विंडोजमध्ये ती नीट दिसायला विंडोज २००० यावी लागली. उर्दूचं दुखणं आणखी मोठं. नस्तालीक लिपीत अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर तिरपी उतरतात, आडव्या ओळीत बसत नाहीत. १९९० च्या दशकात आलेल्या इनपेज या सॉफ्टवेअरवर उर्दूची वर्तमानपत्रं आणि पुस्तकं चालली, पण ते विंडोजवरच. विंडोजमध्ये नस्तालीक वळणाचा फॉन्ट विंडोज ८ बरोबर, २०१२ मध्ये आला. गूगलचा मोकळा नोटो नस्तालीक २०१४ मध्ये. आपल्या भाषेचं गिऱ्हाईक गरीब असेल तर कंपनी तिला रांगेत मागे उभं करते. मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये रांग मोडता येते, पण त्यासाठी कुणीतरी बसून काम करावं लागतं. रेड हॅट या लिनक्स कंपनीने भारतीय लिप्यांसाठी लोहित नावाचे फॉन्ट मोकळे केले आणि त्यांची देखभाल करणारे लोक पुण्यात बसून काम करायचे. ते काम कुणी आयतं आणून दिलेलं नव्हतं.

हे झाले प्रश्न. आता माझी चूक.

एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती बंद केली. मी नुकता नोकरीला लागलो होतो. आमच्या मोहल्ल्यात एक अभ्यासिका आहे, तिथे देणगीत मिळालेले सहा जुने कॉम्प्युटर होते, सगळ्यांवर एक्सपी आणि तीही चोरटी. मला वाटलं, हाच मौका. एका शनिवारी रात्री मी आणि एक मित्र बसलो आणि सहाच्या सहा मशीनवर लिनक्स टाकलं. मराठी, उर्दू दोन्ही कीबोर्ड चालू केले, लिबरऑफिस टाकलं. फजरच्या अजानला घरी गेलो. मला वाटत होतं मी मोहल्ला आझाद करून आलोय.

कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही.

दोन आठवड्यांनी अभ्यासिका सांभाळणाऱ्या आपांचा फोन आला. संध्याकाळच्या पाच मुलींपैकी तीन यायच्या बंद झाल्या होत्या. त्या एमएस-सीआयटीचा सराव करायला यायच्या. तो कोर्स विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर शिकवतात, परीक्षाही त्यावरच. क्लासमध्ये त्यांना मशीनवर जेमतेम तास मिळायचा, उरलेला सराव इथे. मी त्यांच्या परीक्षेच्या महिनाभर आधी त्यांच्याखालची सतरंजी ओढून घेतली होती. चौथी बी.कॉम.ची, तिला टॅली शिकायचं होतं. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही.

मी धावत गेलो आणि काय केलं? समजावायला लागलो. मोकळं सॉफ्टवेअर, चार स्वातंत्र्यं, मक्तेदारी, सगळं. त्यातली एक मुलगी शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "भाई, तुमचं बरोबर असेल. पण तुमच्या घरी लॅपटॉप आहे. आमची परीक्षा विंडोजवर आहे. आम्हाला आधी विचारायला हवं होतं."

मला उत्तर सुचलं नाही. तिने माझं एकही तत्त्व खोडलं नव्हतं. माझ्या स्वातंत्र्याच्या पहिल्याच कलमात, वाटेल त्या कामासाठी वापरण्याच्या स्वातंत्र्यात, तिचं काम बसत नव्हतं, एवढंच तिने दाखवलं. मी माझी लढाई तिच्या परीक्षेवर लढलो होतो. आणि आमच्या समाजात एका मुलीला संध्याकाळी दोन तास घराबाहेर बसायची परवानगी काय कष्टाने मिळते हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ती परवानगी 'परीक्षा आहे' या एका कारणावर टिकलेली असते. कारण गेलं की परवानगी जाते. तिघींपैकी एक नंतर परत आलीच नाही.

नंतर मी इतरांचं काय झालं ते वाचत बसलो. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने सुमारे पंधरा हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले. काम २०१३ मध्ये पूर्ण झालं, आणि २०१७ मध्ये तिथल्या नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. बाहेरच्या लोकांशी फायलींची देवाणघेवाण जमेना, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, सत्तेतले लोकही बदलले होते. उलट केरळात सरकारी शाळांनी मोकळ्या सॉफ्टवेअरची वाट धरली ती टिकली. फरक कुठे पडला? केरळात शिक्षकांना आधी शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्यावर लिहिली आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्याच सिस्टिमवर घेतली. मुलाने वर्गात जे वापरलं तेच त्याला परीक्षेत मिळालं. मी फक्त मशीन बदललं होतं, परीक्षा जिथे होती तिथेच होती.

सुधारणेच्या चळवळीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे फार लक्षात ठेवायला हवं. आपलं बरोबर असणं पुरेसं नसतं. बदलाची किंमत कोण मोजणार, हे आधी विचारावं लागतं. बहुतेक वेळा ती मोजणारा माणूस आपल्यापेक्षा दुबळा असतो, आणि बैठकीला त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. चार मशीनवर दोन्ही सिस्टिम ठेवल्या, सुरू करताना निवडायचं. विंडोजची रीतसर लायसन्स वर्गणी काढून घेतली. अब्बांनी त्यात पहिले पैसे दिले आणि मला काही बोलले नाहीत. दोन मशीन लिनक्सच्याच ठेवल्या, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. पहिल्या वर्षी तिथे माझ्या मित्राशिवाय कुणी बसलं नाही. दुसऱ्या वर्षी डिप्लोमाची दोन मुलं प्रोग्रॅमिंग शिकायला बसायला लागली.

आता तोच प्रसंग पुन्हा आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. काही अटींवर वर्षभराची मुदत वाढवून मिळते, पण ती तात्पुरती. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या अभ्यासिकेतली पाच मशीन त्यात बसत नाहीत. ती चांगली चालतात, फक्त यादीत नाहीत. तुमच्या गावांतल्या शाळा, मदरसे, वाचनालयं, सायबर कॅफे इथेही हेच असणार. धोका खरा आहे. दुरुस्ती बंद झालेल्या मशीनवरून बँकेचे व्यवहार किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातली विंडोज मशीन बंद पाडली होती. बळी पडली ती दुरुस्ती न लावलेलीच.

या वेळी मी रात्री पेन ड्राइव्ह घेऊन गेलो नाही. आपांनी बैठक बोलावली. वापरणाऱ्या सगळ्यांना, मुलींना आधी, एकच विचारलं. तुम्ही इथे नेमकं काय करता? उत्तरं कागदावर लिहिली. बहुतेकांचं काम ब्राउझरमध्ये होतं. अर्ज, व्हिडिओ, सराव परीक्षा. त्याला लिनक्स चालतं. तिघांना टॅली हवी होती, दोघींना एमएस-सीआयटी, एकाला ऑटोकॅड. त्यांच्यासाठी एक नवं विंडोज मशीन घ्यायचं आणि एक जुनं सुधारून वापरायचं ठरलं. बाकीच्या मशीनवर लिनक्स बसेल, आणि बसवायला शिकतील ती तिथलीच मुलं. मी फक्त शेजारी बसणार. या कामाला मला एका रात्रीऐवजी सात आठवडे लागले. ते लागायलाच हवे होते.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. परत गेल्यावर आपल्या मोहल्ल्यातली मशीन मोजा. कुठली सिस्टिम आहे, रीतसर आहे का, दुरुस्ती मिळते का, बघा. मग कोण बसतं ते मोजा. आणि कोण बसत नाही तेही मोजा, कारण खरी दरी विंडोज आणि लिनक्समध्ये नाहीये. ज्याच्याकडे बसायला खुर्ची, कीबोर्ड आणि दोन तास आहेत, आणि जिच्याकडे भावाचा वापरून झालेला फुटक्या काचेचा फोन आहे, त्यांच्यामध्ये ती आहे. तिथे कुठली सिस्टिम श्रेष्ठ यावर भांडत बसलो तर ती आपल्याला माफ करणार नाही.

आणि हो, कुणी विचारलं तर माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आजही डेबियन आहे. तेवढा मसलक मी सोडलेला नाही. पण त्यावरून कुणाशी बोलणं बंद करत नाही.

त्या मुलीने, जिने मला आधी विचारायला हवं होतं असं सांगितलं, तिने एमएस-सीआयटी पास केली. हल्ली ती त्याच अभ्यासिकेत लहान मुलांना टायपिंग शिकवते. यंदाच्या बैठकीत कागदावर उत्तरं तिनेच लिहून घेतली. शेवटी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "भाई, तुमचं काय मत?" दहा-अकरा वर्षांत मला तिथे कुणीतरी पहिल्यांदा मत विचारलं होतं. आधी मी न विचारताच देत होतो.